घर चैत्रात बघतात, पाणी श्रावणात येते

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली
मा. जिल्हाधिकारी, सातारा

विषय : मागील पुरांची पातळी व दरडीचा धोका घराच्या कागदावर आणि गल्लीच्या भिंतीवर कायमचा नोंदवण्याबाबत

महोदय,



दोन जिल्हाधिकाऱ्यांना मिळून एक पत्र लिहिण्याचा रिवाज नाही. पण नदी एकच आहे, म्हणून पत्रही एकच लिहिते आहे. महाबळेश्वरातून निघालेली कृष्णा धोम, वाई, माहुली करत कऱ्हाडला येते, तिथे प्रीतिसंगमावर कोयना तिला मिळते, आणि सांगली ओलांडली की हरिपूरला वारणा. माझे माहेर सांगलीच्या गावभागातले, सासर पाटण तालुक्यातल्या डोंगरकडेच्या वाडीतले आणि संसार सातारा शहरात. एका घरी पावसाळ्यात खालून पाणी चढते, दुसऱ्या घरी वरून माती सरकेल का, या काळजीत रात्र काढावी लागते. सध्या चैत्र चालू आहे. दोन्हीकडे लख्ख ऊन पडले आहे आणि लोक घरे बघत हिंडत आहेत. हे पत्र पावसाळ्यात लिहून उपयोग नाही, म्हणून आताच लिहिते.

आपल्याकडे माणूस घर बघायला बाहेर पडतो तो होळी झाल्यावर. मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, बदल्यांची कुजबुज सुरू झालेली असते, १ एप्रिलला रेडी रेकनरचे नवे दर लागण्याआधी दस्त उरकण्याची घाई असते. पाडवा आणि अक्षय तृतीया हे दोन मोठे मुहूर्तही याच दिवसांत येतात. जूनच्या आत शाळेचा प्रवेश, गॅस, सामानाचा टेम्पो हे सगळे मार्गी लावायचे असते. भाड्याचे घर असो की आयुष्याची पुंजी घालून घेतलेले, फाल्गुन ते वैशाख या तीन महिन्यांत बऱ्याच जणांचे घर ठरते.

आणि घराची परीक्षा घ्यायला वर्षातले हेच तीन महिने सर्वांत वाईट. भिंती कोरड्या ठणठणीत असतात. गटारे वाहत नाहीत, त्यामुळे ती तुंबतात की नाही हे कळत नाही. कृष्णेचे पात्र आटलेले असते. ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या उपशासाठी कोयनेतून पाणी सुटले तर तेवढीच नदी वाहती राहते. परगावाहून आलेला माणूस आयर्विन पुलावरून खाली बघतो तेव्हा त्याला ती बारीक धार दिसते आणि घाटाच्या पायऱ्या मोकळ्या दिसतात. हे पाणी गणपती पेठेत, स्टेशन चौकात येते असे त्याला सांगितले तर तो विश्वास कसा ठेवणार?

गेल्या महिन्यात बहिणीच्या मुलीसाठी मी सांगलीत घरे बघत होते. ती मिरजेच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे, जावईबापूंची नोकरी सांगलीत. तळमजल्यावरचे दोन खोल्यांचे घर एजंटाने दाखवले. नुकताच रंग दिलेला, वास अजून गेला नव्हता. भाडे बेताचे, अंगण स्वच्छ, दारात सोनचाफा. भाची खूश झाली. मी गावभागात वाढलेली, म्हणून माझी नजर दुसरीकडे गेली. प्रत्येक खोलीतले विजेचे बोर्ड खांद्याच्या उंचीला होते, खाली एकही प्लग नव्हता. बाहेरच्या खोलीत, जिथे कोणी फरशी लावत नाही, तिथे छातीइतक्या उंचीपर्यंत भिंतीला टाइल्स होत्या. दाराची वरची बिजागरी चकचकीत होती आणि खालची गंजून तांबडी पडली होती. भिंतीतल्या फडताळाची सर्वांत खालची फळी मी बोटांनी उलटून बघितली. तिच्या पाठीला रंग लागला नव्हता. तिथे गाळाचा पिवळट थर सुकून बसला होता आणि बोट लावल्यावर त्याची भुकटी हातात आली.

एजंटाला विचारले, तर म्हणाला, "काकू, एकोणीसला सगळीकडंच आलं होतं. ते धरू नका." शेजारच्या आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारले. मान वर न करता त्यांनी हिशेब सांगितला : "पाचला उंबऱ्याला लागून गेलं. एकोणीसला कमरेच्या वर. एकवीसला पोटरीएवढं." २००५ पासून त्या घरात राहायला आलेल्यांपैकी कितीजणांना या तीन वाक्यांची गरज होती, आणि ती सांगायला ओट्यावर आजी भेटल्या नाहीत, असे किती असतील!

आजींचे आकडे पुलाच्या आकड्यांशी जुळतात, हे आपल्याला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेले. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४ फुटांच्या पुढे. सोळा वर्षांत तीनदा नदी धोक्याच्या पातळीहून आठ-बारा फूट वर चढली. हा योगायोग मानून घर घेण्याचे दिवस गेले आहेत.

१९२९ साली बांधून झालेला हा पूल आज आमच्या शहराची मोजपट्टी झाला आहे. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना फोन करून पहिला प्रश्न विचारतात तो "आयर्विन किती?" हाच. नदीकाठच्या जुन्या घरांना आपापला आकडा पाठ आहे. अमक्याच्या परसात ४२ ला पाणी येते, तमक्याच्या ओट्याला ४८ ला लागते, आमच्या घराचा जिना ५१ ला धरावा लागतो. आकडा जवळ आला की गादी माळ्यावर जाते, धान्याचे डबे वर चढतात, गॅसची टाकी साखळीने बांधली जाते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर यांचा नंबर आधी लागतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ही माहिती आमच्या गावाची अत्यंत मोलाची ठेव आहे, पण ती माणसांच्या डोक्यात आहे. बाहेरून आलेल्या शिक्षिकेला, बँकेत बदलून आलेल्या कारकुनाला, वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजात शिकायला आलेल्या पोरांना "आयर्विन ५०" म्हणजे आपल्या खोलीत काय, हे कळायला सोपा मार्ग नाही. पाऊस सुरू झाल्यावर ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते. तोपर्यंत डिपॉझिट भरलेले असते.

कागद बघा म्हणतात. कागद मी बघितले आहेत. माझ्या धाकट्या दिराने साताऱ्यात फ्लॅट घेतला तेव्हा आणि माहेरची वाटणी झाली तेव्हा दोन्ही वेळा मी ती फाइल घेऊन फिरले. मिळकत पत्रिका, सातबारा, इंडेक्स टू, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, महारेराचा नोंदणी क्रमांक. वकील तीस वर्षांचा सर्च काढून देतो. त्यात कोणी कोणाला विकले, कोणाचे कर्ज होते, कोणाची वारस नोंद राहिली हे सगळे येते. त्या तीस वर्षांत त्या घरात तीन वेळा नदी येऊन गेली, हे त्यात कुठेही नसते. बँकेच्या मूल्यांकनात, मुद्रांक शुल्काच्या हिशेबातही मी ते बघितलेले नाही.

पूररेषा आहेत की, असे आपले अधिकारी म्हणतील. आहेत. जलसंपदा विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकापासून निळी आणि लाल अशा दोन रेषा आपल्याकडे मानल्या जातात. सरासरी २५ वर्षांत एकदा येईल अशा पुराची निळी, १०० वर्षांत एकदा येईल अशा पुराची लाल. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित. नव्या बांधकामाला जोत्याच्या उंचीच्या अटी आहेत. पण या रेषा नकाशावर आहेत आणि नकाशा कचेरीत आहे. घर बघायला निघालेले जोडपे झोन दाखला काढायला जात नाही. भाडेकरू तर नाहीच नाही. शिवाय रेषा आखण्याच्या आधी बांधलेली हजारो घरे तिथे उभी आहेत, राहती आहेत, विकली जात आहेत, भाड्याने दिली जात आहेत. ती पाडा असे मी म्हणत नाही. माझे माहेर त्यातलेच आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये आपला अहवाल दिला. पूरपट्ट्यातली बांधकामे हा त्यातला एक विषय होता. अहवाल शासनाला मिळाला, पण घर घेणाऱ्याच्या हातात त्यातले काय आले?

आता मूळ मुद्द्यावर येते. कोणत्या घरात किती पाणी आले होते याची नोंद आपल्या दोघांच्या दप्तरी आधीपासून आहे. नवे सर्वेक्षण लागत नाही. २०१९ ला पाणी ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक, महापालिकेचे कर्मचारी दारोदार फिरले. घरटी पंचनामे झाले. त्यावर शहरात पंधरा हजार आणि ग्रामीण भागात दहा हजार रुपये सानुग्रह अनुदान मिळाले. २०२१ लाही पंचनामे झाले. आमच्या माहेरीही आले होते. चिखलात उभे राहून पंचनाम्याला आलेल्या मुलाने घर क्रमांक लिहिला, भिंतीवरची ओल बघितली, फोटो काढला आणि सही घेतली. ते कागद अनुदान वाटून झाल्यावर कपाटात गेले. माझी विनंती एवढीच आहे की ते बाहेर काढा. कोणाचे नाव, कोणाचे बँक खाते कोणाला नको आहे. घर क्रमांक, साल आणि पाण्याची उंची एवढ्या तीन गोष्टी पुरेत.

त्या तीन गोष्टी घरपट्टीच्या बिलावर छापाव्यात. "या मिळकतीत आयर्विन पातळी इतक्या फुटांना पाणी शिरते, २००५, २०१९ व २०२१ मध्ये इतके इतके फूट पाणी होते." खेड्यात हीच ओळ ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर यावी. घर घेणारा काहीही बघायचे विसरला तरी घरपट्टीची पावती बघतो, कारण थकबाकी त्याच्या गळ्यात पडणार असते. भाडेकरूही विजेच्या बिलासोबत घरपट्टीचे बिल मागू शकतो. नोंदणी कार्यालयात दस्ताला ही पावती जोडली की खरेदीखतात ती ओळ आपोआप आली.

दुसरी गोष्ट भिंतीवरची. प्रत्येक गल्लीच्या तोंडाला, कोपऱ्यावरच्या पक्क्या भिंतीत किंवा विजेच्या खांबाला, तीन पातळ्यांच्या तीन दगडी किंवा धातूच्या पट्ट्या बसवाव्यात. रंगाने केलेल्या खुणा चालत नाहीत. रंग उडतो, त्यावर पुढच्या निवडणुकीचे पोस्टर बसते. जर्मनीतल्या पासाऊ गावात तीन नद्या मिळतात. तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर शेकडो वर्षांच्या पुरांच्या रेषा कोरलेल्या आहेत. १५०१ ची आहे, २०१३ ची आहे. पर्यटक तिथे उभे राहून फोटो काढतात आणि गावाची त्यात काही नामुष्की होत नाही.

यासाठी कायदा बदलण्याची वाट बघायची गरज मला दिसत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आपणच आहात. आणि विकणाऱ्याची जबाबदारी तर फार जुनी आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मध्ये म्हटले आहे की जो मोठा दोष घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन कळणार नाही आणि विकणाऱ्याला ठाऊक आहे, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. पुराच्या खुणेवर मार्चमध्ये रंग चढवला की तो दोष साध्या काळजीने कळत नाही. जपानने २०२० पासून नियम केला आहे की घर विकताना किंवा भाड्याने देताना मध्यस्थाने पूरधोक्याचा नकाशा समोर ठेवून हे घर त्यात कुठे आहे ते समजावून सांगायचे. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने विकणारा आणि भाड्याने देणारा दोघांवरही ही जबाबदारी टाकली आहे. या देशांत पूरपट्ट्यातली घरे विकली जायची थांबलेली नाहीत. धोका माहीत असताना ती विकली जातात, एवढाच फरक.

याने घरांचे भाव पडतील, ही हरकत येणार. ती खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही, कारण पडणाऱ्या भावात माझ्या भावाचे घर आहे. पण आजही ज्याला माहीत आहे तो कमीच भाव देतो. गावातला माणूस गावातल्या माणसाला फसवू शकत नाही. पूर्ण भाव मोजतो तो बाहेरून आलेला, कर्ज काढून आलेला, ज्याला विचारायला इथे कोणी नाही. एका कुटुंबाच्या अज्ञानावर दुसऱ्या कुटुंबाच्या घराचा भाव टिकवायचा, हे मला माहेरच्या प्रेमापोटीही पटत नाही. आणि खूण उघड असली की चांगल्या घरांना मानही मिळेल. आमच्याच बाजूला एका कुटुंबाने पुरानंतर सगळी वीज पहिल्या मजल्यावर नेली, खाली फक्त गाडी आणि सायकली ठेवल्या, देवघर आणि स्वयंपाकघर वर हलवले. त्या घराला ५३ फूट पाणी म्हणजे दोन दिवस जिन्यावरून उतरता न येणे, एवढेच. असे घर आणि वरून रंग मारलेले घर यांत आज बाजार भेद करत नाही.

सांगलीबद्दल बरेच झाले. सातारच्या जिल्हाधिकाऱ्यांना वाटेल की आपला यात संबंध काय.

२२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या ठिकाणी डोंगर खाली आला. माझ्या सासरच्या वाडीपासून तो भाग दूर नाही. त्या रात्री आमच्याकडे कोणी झोपले नव्हते; वाऱ्याच्या आवाजात दगड घरंगळल्याचा आवाज वेगळा ओळखता येतो का, याकडे सगळ्यांचे कान होते. आमचा प्रदेश तसा भूकंपाचाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती कशा कोसळल्या हे सासूबाई अजून सांगतात. भिंतीच्या कोपऱ्यात तिरकी चीर दिसली की त्या चुना कालवायला बसत नाहीत, आधी गवंड्याला बोलावतात. चीर लिंपली तर ती वाढते आहे की नाही हे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे.

चैत्रात आमच्या वाडीत घरे चाळायला निघतात. सकाळी ऊन चढायच्या आत गडी वर जातो, कारण दहानंतर कौलावर पाय ठरत नाही. वाशावर पाय देत तो एकेक कौल काढतो आणि बोटाच्या पेराने त्यावर टकटक करतो. धड कौल खणखणते. केस गेलेले कौल बद्द वाजते, ते बाजूला. शेवाळ खरवडून, रिपांवरचा पालापाचोळा झाडून, वानरांनी उड्या मारून सरकवलेली ओळ पुन्हा बसवली जाते. खाली सासूबाई उभ्या. गडी वरून म्हणतो, "ह्यो वासा भुरका झालाय," की त्यांचा कोयता वर जातो, टोक लाकडात किती शिरते ते बघायला. वाळवीने पोखरलेला वासा बाहेरून साबूत दिसतो, म्हणून ही परीक्षा. मग पावसाच्या तोंडाला असलेल्या भिंतींना गवताच्या झडी किंवा आताशा ताडपत्री, आणि घरामागे डोंगराकडून येणारे पाणी वळवायला चर. हा चर उकरणे हे सगळ्यांत कंटाळवाणे काम, आणि सगळ्यांत महत्त्वाचे. घर बांधणाऱ्या जुन्या माणसांना डोंगराच्या पायथ्याचे पाणी भिंतीत मुरू द्यायचे नाही हे कळत होते. आता कौले चाळणारे गडी मिळत नाहीत, मंगलोरी कौल शोधावे लागते, म्हणून पत्रे चढले आहेत. पत्रा गळत नाही हे कबूल, पण पत्र्याचे घर वर्षातून एकदा कोणी वर चढून बघत नाही, आणि मागचा चरही मग कोणी उकरत नाही.

आणि याच चैत्रात सातारा शहराच्या कडेला, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, यवतेश्वरच्या बाजूला, वाईपासून महाबळेश्वरच्या वाटेवर, डोंगर कापून सपाट केलेले प्लॉट दाखवले जातात. गवत वाळलेले असते, हवा स्वच्छ असते, सगळे गाव खाली दिसते. मुंबई-पुण्याहून आलेला माणूस त्या देखाव्याला भुलतो आणि त्याला दोष देता येत नाही. वर कापलेल्या मुरमाच्या कड्यातून जुलैत किती पाणी झरते, राखण भिंतीला पाणी जायला भोके ठेवली आहेत का, ओढा बुजवून त्यावरच तर रस्ता केलेला नाही ना, हे त्याला उन्हात दिसत नाही. २०२१ च्या त्याच जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. तो पाऊस ज्याने बघितला नाही त्याला उताराचा प्लॉट समजणार नाही. दरडप्रवण गावांच्या याद्या आपल्या कार्यालयात आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यावरून लोकांना हलवले जाते. ती यादी गट क्रमांकासह चावडीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि नमुना ८ वर का असू नये? माळीण २०१४ ला दरडीखाली गेले, इर्शाळवाडी २०२३ ला. आपल्या जिल्ह्याला त्यापुढे आणखी कोणते उदाहरण हवे?

एक वेगळी पण याच हंगामाची तक्रार दोन्ही जिल्ह्यांची आहे. जुने वाडे आणि मोडकळीला आलेल्या इमारती धोकादायक ठरवल्याच्या नोटिसा मे अखेरीला, जूनमध्ये लागतात. भाडेकरू ती नोटीस हातात घेऊन उभा राहतो तेव्हा भाड्याची घरे संपलेली असतात, शाळा सुरू झालेली असते आणि पाऊस दारात असतो. मग तो तिथेच राहतो. हीच पाहणी शिमग्यानंतर झाली, नोटीस पाडव्याच्या आत मिळाली, तर त्याला घर शोधायला पूर्ण हंगाम मिळेल आणि मालकाला दुरुस्तीला ऊन मिळेल. तारीख दोन महिने अलीकडे आणायला पैसा लागत नाही.

दुरुस्तीचे म्हणाल तर पुराने भिजलेल्या जुन्या भिंतींचे हाल आमच्या गावभागात जाऊन बघावेत. पांढऱ्या मातीची, चुन्यात बांधलेली भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते हळूहळू सोडते. दोन उन्हाळे गेले की ती बरी होते. पण लोकांना घाई असते, त्यात भाडे बुडत असते, म्हणून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चकचकीत रंग चढवतात. आतली ओल कोंडते, लोणा फुटतो, पोपडे पडतात आणि पायाजवळची माती भुसभुशीत होत जाते. बाहेरून ती भिंत नव्यासारखी दिसते. महापालिकेच्या बांधकाम विभागाने होळीनंतर वॉर्डावार एकेक दिवस बसून अशा भिंतींबद्दल फुकट सल्ला दिला तर कित्येक घरे वाचतील. शामरावनगरसारख्या भागात, जिथे नदी नाही पण काळ्या मातीत पाणी महिनोन्‌महिने मुरत नाही, तिथल्या घरांनाही याची गरज आहे. तिथे जोत्याखाली काय होते ते पूररेषेच्या कोणत्याच नकाशात सापडणार नाही.

भाचीने ते घर घेतले नाही. विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर, जास्त भाड्याने, लहान जागा घेतली. तिला परवडले म्हणून. त्या तळमजल्यावर कोणीतरी येईलच, बहुधा मे महिन्यात, आणि त्याला फडताळाची फळी उलटून बघायचे सुचणार नाही.

म्हणून माझी मागणी तारखेसह लिहून देते. येत्या ३१ मेपर्यंत सांगलीच्या पूरपट्ट्यातील आणि पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाई, सातारा तालुक्यांतील दरडप्रवण घरांची क्रमांकवार यादी दोन्ही कार्यालयांनी लोकांसमोर ठेवावी. पुढच्या वर्षीच्या घरपट्टीच्या बिलावर ती ओळ छापून यावी. भिंतीवरच्या पट्ट्यांचे काम या उन्हाळ्यात एका वॉर्डापासून सुरू व्हावे. या पट्ट्यांच्या जागा ठरवायला तलाठ्याला टेप घेऊन पाठवा. पाच, एकोणीस आणि एकवीस असे तीनही पूर एकाच घरात बघितलेली माणसे गावभागात, सांगलवाडीत अजून आहेत, आणि ती भिंतीवर बोट ठेवून जागा दाखवतील. सुट्टीच्या दिवशी सकाळी पाठवलेत तर सगळे घरी भेटतात. सुरुवात आमच्या माहेरच्या भिंतीपासून करायला आमची हरकत नाही. माझ्या भावाची लेखी संमती मी या पत्राच्या प्रतीसोबत दोन्ही कार्यालयांत जमा करत आहे.

आपली विश्वासू,
सातारा येथील एक नागरिक